उरलेले अन्न : जपावे कसे, टाकावे केव्हा?



आगमनकाळ सुरू झाला की आपल्या बेळगाव-खानापूर भागातील घरांत कामांची एकच गर्दी उडते. भाताची मळणी उरकत आलेली असते, मका व भुईमुगाच्या शेंगा घरात येऊन पडलेल्या असतात, आणि नाताळ तोंडावर आलेला असतो. पाठोपाठ लग्नसराई आणि गावोगावची फेस्ते. वर्षातल्या इतर दिवसांत एवढे अन्न एका वेळी आपल्या चुलीवर शिजत नाही, आणि एवढे उरतही नाही. म्हणून ह्या अंकी आम्ही उरलेल्या अन्नाचाच धडा घेत आहोत.

अन्न टाकू नये, हे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले आहे आणि ते योग्यच आहे. पाच हजारांची भूक भागविल्यावर प्रभूने शिष्यांकडून उरलेले तुकडे गोळा करविले व बारा टोपल्या भरल्या, हे आपण मिस्सेच्या वेळी ऐकतो. पण रानात काही इस्राएल लोकांनी मान्ना सकाळपर्यंत राखून ठेवला तेव्हा त्यात किडे पडले व त्याला घाण सुटली, हेही त्याच पवित्र शास्त्रात लिहिलेले आहे. ह्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे धडा पुरा होतो. उरलेले गोळा करावे, पण वेळेवर करावे. वेळ टळल्यावर पोटात घातलेले अन्न ही बचत नव्हे.

आग काय करते, काय करीत नाही

आपल्याकडे एक समजूत फार पक्की आहे : "काही होत नाही, एक उकळी काढा की झाले." ही समजूत अर्धी खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यानेच घात होतो.

शेतकऱ्याला हे समजावयास कठीण नाही. आपण रानातले तण उपटतो, उभे तण मरते. पण मातीत पडलेले त्याचे बी मरत नाही, ते पावसाची वाट पाहत राहते. अन्नातील जंतूंचेही तसेच आहे. अन्न सगळीकडून ७० अंश सेल्सिअसच्या वर तापले की बहुतेक जंतू मरतात. परंतु काही जातींचे जंतू बियासारखे कवच घेऊन बसतात. साध्या उकळीने ते मरत नाहीत. अन्न कोमट झाले की त्यांना अंकुर फुटतो व ते वाढू लागतात.

याहून वाईट गोष्ट म्हणजे विष. काही जंतू वाढताना अन्नात विष सोडतात. पुढे अन्न उकळले तर जंतू मरतील, पण त्यांचे विष तसेच राहील. पीक खाऊन कीड उडून गेली म्हणजे खाल्लेले पीक परत येत नाही, तसेच हे. म्हणून आमच्या भगिनींनी एवढे एकच वाक्य पाठ केले तरी पुरे : आग जंतू मारते, सगळे विष मारीत नाही.

आणि वास घेऊन याची परीक्षा होत नाही. अन्न आंबविणारे, बुळबुळीत करणारे जंतू वेगळे असतात आणि माणसाला आजारी पाडणारे पुष्कळदा वेगळे. चांगला वास येणारे अन्नही बाधू शकते.

वेळेचा हिशेब

५ अंशांच्या खाली जंतूंची वाढ फार मंदावते. ६० अंशांच्या वर ती थांबते. मधला जो पट्टा, तो धोक्याचा. आपल्या स्वयंपाकघराची हवा बाराही महिने ह्याच पट्ट्यात असते. "थंडीत काही बिघडत नाही" असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की डिसेंबरात बेळगावचा पारा रात्री १४-१५ अंशांवर उतरला, तरी तो ५ अंशांपासून पुष्कळ दूर आहे. शिवाय चुलीजवळच्या पातेल्याला ती थंडी लागतच नाही.

सोयीचे ऊबदार अन्न मिळाले तर काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. रात्री दहा वाजता एकच जंतू होता असे धरा. अकरा वाजता ८ झाले, बारा वाजता ६४. पहाटे पाच वाजता, म्हणजे सात तासांत २१ वेळा दुप्पट होऊन, ते २०,९७,१५२ होतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजविलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नये. एप्रिल-मेच्या कडक उन्हात तर एकच तास धरावा.

भात : सर्वांत साधा, सर्वांत दुर्लक्षित

मटण-माशाला आपण जपतो. भाताला मात्र कोणी भीत नाही. तो रात्रभर ओट्यावर झाकून राहतो आणि सकाळी फोडणीचा भात होऊन मुलांच्या ताटात येतो.

बॅसिलस सिरियस नावाचा एक जंतू मातीतच राहतो. शेतातून तो भाताच्या दाण्याबरोबर घरात येतो. तो कवचधारी असल्यामुळे भात शिजताना मरत नाही. उबदार, ओलसर भात मिळाला की तो वाढतो व विष सोडतो. हे विष १२१ अंशांवर दीड तास तापविले तरी नष्ट होत नाही. आपल्या कुकरात उष्णता सुमारे १२० अंशांपर्यंतच जाते, मग फोडणीच्या कढईची काय कथा! असा भात खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. १९७१ साली इंग्लंडमध्ये चिनी उपाहारगृहांतील परतलेला भात खाऊन लोक आजारी पडले, तेव्हा हा प्रकार प्रथम नीट उमगला. तेथेही उकडलेला भात तासन्‌तास बाहेर राहत असे.

मग करावे काय? तांदूळ माणसे मोजून घ्यावा. भात उरला तर पातेल्यात दडपून न ठेवता स्वच्छ परातीत पसरावा, म्हणजे लवकर निवेल. तासाभरात तो झाकून फ्रीजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा, आणि पुन्हा राखून ठेवू नये. फ्रीज नसेल तर भात उद्यासाठी ठेवूच नये.

येथे कोणी विचारील, "आमचे आजोबा रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खात आणि नांगर धरीत, त्यांना काय झाले?" प्रश्न रास्त आहे. पाण्यात घातलेला भात रात्रीत आंबतो. त्या आंबटपणात पुष्कळ जंतूंना वाढता येत नाही. सान्नांचे व डोशांचे पीठही असेच आंबते. ओट्यावर ठेवलेल्या कोरड्या भाताला हे आंबटपणाचे संरक्षण नसते. आंबविणे ही एक रीत आहे, विसरून ठेवणे ही रीत नव्हे. भात आंबवावयाचा तर भांडे व पाणी स्वच्छ हवे. तान्ह्या मुलांना व आजाऱ्यांना तो देऊ नये.

मोठ्या पातेल्यातील मटण

फेस्ताच्या जेवणाचे मोठे पातेले चुलीवरून उतरविले की ते तासन्‌तास गरम राहते. आपल्याला वाटते, गरम आहे म्हणजे चांगले आहे. प्रत्यक्षात ते मधल्या भागात ४०-४५ अंशांवर रेंगाळते. मांसात वाढणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स ह्या कवचधारी जंतूला हीच ऊब सर्वांत मानवते. तेथे तो दहा-बारा मिनिटांतच दुप्पट होतो. असे मटण खाल्ल्यावर साधारण सहा ते चोवीस तासांत पोटात कळा येऊन जुलाब लागतात. एका पातेल्यातून जेवलेली सारी पंगत आजारी पडू शकते.

ह्यावर उपाय दोनच. वाढावयाचे असेल तोवर पातेले मंद आचेवर, वाफाळते ठेवावे. ठेवावयाचे असेल तर ताबडतोब लहान, पसरट भांड्यांत काढावे. रश्श्याची जाडी चार बोटांहून अधिक नको. ती भांडी थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळावी, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये सारावी. परत खाताना सबंध रस्सा खळखळून उकळावा. कडेला बुडबुडे आले म्हणजे मधले मटण तापले असे समजू नये.

सोरपोतेलाविषयी आम्हांला नेहमी विचारले जाते. तिसऱ्या दिवशी त्याला खरी चव येते, हे कोणीही नाकारणार नाही. जुन्या बायकांनी त्यात भरपूर शिर्का घातला आणि रोज उकळी काढली, ह्यात शहाणपण होते, कारण आंबटात जंतू सहसा फोफावत नाहीत. पण आता पुष्कळ घरांत शिर्का कमी घालतात, तो विकतचा व कमीजास्त तिखट असतो, आणि मसाला मात्र जुन्याच भरवशावर बाहेर राहतो. तेव्हा सोरपोतेल निवल्यावर लहान डब्यांत भागून फ्रीजमध्ये ठेवावे. एका वेळी एकच डबा काढावा, तेवढाच उकळावा व संपवावा. उष्टा किंवा ओला चमचा त्यात बुडवू नये.

मटण कापणाऱ्या व वाढणाऱ्या पुरुषांसाठीही एक सूचना आहे. बोट कापलेले असेल किंवा हाताला गळू असेल तर त्या पुवातील जंतू अन्नात उतरतात, आणि त्यांचेही विष उकळून जात नाही. अशाने त्या दिवशी लाकडे फोडावी, पाणी आणावे, पण शिजलेल्या अन्नाला हात लावू नये.

फ्रीज आणि बर्फ

फ्रीज म्हणजे कपाट नव्हे. तो कोंबून भरला तर थंड हवा फिरत नाही. शिजविलेले अन्न झाकून वरच्या फळीवर ठेवावे. कच्चे मटण, कोंबडी, मासे झाकणाच्या भांड्यात सर्वांत खाली ठेवावे, म्हणजे त्यांचे पाणी इतर अन्नावर ठिबकणार नाही. कच्ची कोंबडी व मासे एक-दोन दिवसांत शिजवावे. मटणाचा रस्सा तीन दिवसांत संपवावा.

बर्फाच्या कप्प्यात उणे १८ अंशांवर जंतू वाढत नाहीत, पण मरतातच असेही नाही. ते झोपी जातात. मटणाचा गोळा बाहेर काढून ओट्यावर ठेवला की वरचा भाग सुटून कोमट होतो व तेथले जंतू जागे होतात. आत मात्र अजून दगडासारखा बर्फ असतो. अशी कोंबडी शिजविली तर हाडाजवळ कच्ची राहते.

गोठलेले मटण मोकळे करण्याच्या सुरक्षित रीती अशा :

१. आदल्या दिवशी ते वरच्या कप्प्यातून खालच्या भागात, थाळीत ठेवावे. अर्धा-एक किलोला एक दिवस पुरतो. दोन-अडीच किलोच्या सबंध कोंबडीला पुरे चोवीस तास, कधी अधिकही लागतात.

२. घाई असेल तर पाणी आत न जाणाऱ्या पिशवीत बांधून थंड पाण्यात बुडवावे व दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. अर्ध्या किलोला सुमारे एक तास लागतो. मोकळे होताच लगेच शिजवावे. गरम पाणी वापरू नये.

३. लहान तुकडे तसेच गोठलेले रश्श्यात टाकले तरी चालतात. शिजण्यास मात्र सुमारे दीडपट वेळ द्यावा.

म्हणूनच ठेवतानाच एका वेळेपुरती लहान, चपटी पाकिटे करावी. ओट्यावर मोकळे झालेले कच्चे मटण पुन्हा गोठवू नये.

वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रीज सुमारे चार तास तग धरतो. पूर्ण भरलेला फ्रीजर ४८ तास व अर्धा भरलेला २४ तास टिकतो असा हिशेब आहे, पण आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमीच धरावा. गावाला जाताना एक युक्ती करावी. पेल्यात पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवावे व पेला फ्रीजरमध्येच राहू द्यावा. परत आल्यावर नाणे तळाशी गेलेले दिसले तर समजावे की मध्ये सगळे वितळून पुन्हा गोठले. ते अन्न टाकून द्यावे.

शिजवताना

कोंबडी धारेच्या नळाखाली धुऊ नये. तिचे पाणी हातभर उडते व शेजारच्या कोशिंबिरीवर पडते. धुवावयाचीच तर भांड्यात सावकाश धुवावी, मग भांडे, विळी व हात साबणाने स्वच्छ करावे. ज्या विळीवर कच्चे मटण कापले तिच्यावर न धुता कांदा चिरू नये. हाडाजवळ लाली दिसत असेल तर कोंबडी अजून शिजली नाही असे समजावे.

डुकराचे मटण पुरते शिजल्याखेरीज खाऊच नये. मांसात साबुदाण्यासारख्या पांढुरक्या, पाणीदार गाठी दिसल्या तर ते घेऊ नये. त्या पट्टकृमीच्या पिशव्या असतात. त्याहून मोठे संकट पुढे असते. ज्याच्या पोटात पट्टकृमी आहे त्याच्या शौचातील अंडी हाताने किंवा भाजीवाटे दुसऱ्याच्या पोटात गेली तर गाठी मेंदूत होऊन झटके येतात. हे मटण न खाणाऱ्यालाही होते. म्हणून संडासाचा वापर, हात धुणे आणि डुकरे बांधून पाळणे ही तिन्ही ह्याच धड्यात येतात.

दुधाविषयीही एक जुनी समजूत सोडावयास हवी. धारोष्ण दुधाने मूल बळकट होते असे म्हणतात, पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होऊ शकतो. त्यात ताप जातो-येतो, घाम सुटतो, सांधे धरतात. ज्या गाई-म्हशी गाभडतात त्यांच्यात हा रोग असण्याचा संभव असतो. दूध उकळूनच प्यावे. गाभडलेले वासरू व वार उघड्या हाताने उचलू नये. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ह्या रोगाची लस सरकारी कार्यक्रमातून देतात, तिचा लाभ घ्यावा.

कोठीतील विष

आगीला न जुमानणारे विष केवळ शिळ्या अन्नातच असते असे नाही. ते कोठीतही तयार होते. १९७४ साली गुजरातचा पंचमहाल व राजस्थानचा बांसवाडा ह्या शेजारच्या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका गरीब आदिवासी कुटुंबांनी खाल्ला. ३९७ जण काविळीने आजारी पडले व त्यांतील १०६ दगावले. बुरशीच्या ह्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते भाकरी भाजून किंवा दाणे भाजून पुरते जात नाही.

म्हणून शेंगा व मका नीट वाळवूनच भरावा. मक्यात १२ टक्के व शेंगदाण्यात ८ टक्क्यांहून अधिक ओलावा नको. दाताखाली दाणा कट्‌दिशी तुटावा, शेंग हलविली असता वाजावी. पोती भुईवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावी. हिरवट-पिवळी बुरशी आलेले, सुरकुतलेले, कडवट दाणे निवडून टाकावे. ते तेलाला किंवा पेंडीला घालू नये, कारण तेच विष म्हशीच्या दुधात उतरते.

उरलेले जनावरांना घालताना

लग्नातील उरलेला भात टोपलीभर गाई-म्हशीपुढे ओतू नये. एकदम पुष्कळ भात खाल्ल्याने पोटात आम्ल वाढून चांगले जनावर दगावते. डुकराच्या मांसाचे उष्टे डुकरांना घालू नये. आफ्रिकन स्वाइन फिवर, जो भारतात २०२० साली प्रथम आसाम व अरुणाचल प्रदेशात आढळला, तो अशा उष्ट्यातूनही पसरतो. तो माणसाला होत नाही, पण गोठा रिकामा करतो. असे अन्न खताच्या खड्ड्यात खोल पुरावे. ते वाया जात नाही, रानाला मिळते.

पोट बिघडलेच तर

एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा लहान चमचा मीठ घालून ते पाणी घोट घोट पाजावे. दवाखान्यातील पुडी मिळाली तर अधिक चांगले. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात सबंध पुडी घालावी आणि चोवीस तासांनंतर उरलेले टाकावे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ह्याच साध्या मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचविले. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये. शौचात रक्त पडणे, डोळे खोल जाणे, लघवी बंद होणे, मूल सुस्तावणे, उलट्या न थांबणे ह्यांपैकी काहीही दिसले, किंवा आजारी माणूस तान्हे मूल, गरोदर स्त्री वा वृद्ध असेल, तर घरगुती उपचारात वेळ न दवडता आरोग्य केंद्र गाठावे.

घरी मिळून बोलण्यासाठी

१. आपल्या घरी रात्रीचा भात कोठे व किती वेळ राहतो?

२. नाताळच्या दिवशी मोठे पातेले उतरविल्यावर ते भागून ठेवण्याचे काम कोणाकडे असेल?

३. आपल्या वस्तीत कोणाकडे फ्रीज नाही? उरलेले गरम गरमच, त्याच जेवणाच्या वेळी, त्या घरी पोचविता येईल काय?

हा तिसरा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. दुसऱ्या दिवशी शिळे झाल्यावर "टाकण्यापेक्षा कोणाला तरी देऊ" म्हणून दिलेले अन्न हे दान नव्हे. आपल्या मुलाला जे देण्यास हात धजत नाही ते मजुराच्या मुलालाही देऊ नये. ताजे असतानाच वाटावे. फेस्ताच्या दिवशी पंगत बसण्याआधीच शेजारच्या चार घरांचे डबे भरून बाजूला काढले, तर टोपल्याही भरतील आणि मान्नाला किडेही पडणार नाहीत.